हे पाणी कुठं जातं?

किंडरडाइकच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. रॉटरडॅमच्या इरास्मस पुलाजवळून वॉटरबसनं आलो होतो. बोटीतली सगळी माणसं झपाझप पवनचक्क्यांच्या दिशेनं निघाली, आणि आप्पा मात्र अलीकडेच एका पंपगृहापाशी उभे राहिले. लोखंडाची प्रचंड मळसूत्रं तिरकी टाकलेली, ती फिरली की खालचं पाणी पिळा-पिळानं वर चढतं. आप्पांनी काठी दोन्ही हातांनी धरली, मान पुढे काढली आणि भाचीला विचारलं, "हे पाणी कुठं जातं?"

"नदीत, आजोबा. लेक नदीत. तिथून समुद्रात."

"म्हंजी रानातलं पाणी उपसून नदीत टाकतेत?"

"हो. नाहीतर आपण बुडू."

अकरा वर्षांची पोर हे इतक्या सहज बोलली की आप्पा तिच्याकडे बघतच राहिले. कन्नडच्या शिवारात त्यांनी जन्मभर पाणी आणलं ते खालून वर. लहानपणी मोट, मग तेलाचं इंजिन, मग पाच हॉर्सपॉवरची मोटर, आणि लाइट रात्री दोनला आली तर दोनला उठून बारं द्यायला जाणं. कपाशी, मका, गेल्या काही वर्षांत अद्रक. विहिरीनं तळ गाठला की आडवे बोअर, ते आटले की उभे बोअर. त्या माणसाला आम्ही सहलीला आणलं होतं, आणि समोर एक अख्खा देश शेतातलं पाणी बाहेर काढण्यात गुंतलेला होता. "इथं फेकू राहिले," आप्पा एवढंच म्हणाले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

पवनचक्क्या आम्ही पाहिल्याच. एकूण १९ आहेत, बहुतेक १७४०च्या आसपास बांधलेल्या. १९९७मध्ये त्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. एकेक पातं चाळीस-पंचेचाळीस फुटांचं, त्यावर शिडासारखं कापड चढवायचं. वारा पात्यांना फिरवतो, पाती आतल्या लाकडी दांड्याला फिरवतात, आणि खाली फावड्यांसारख्या फळ्या लावलेलं एक चाक पाणी ढकलत वरच्या कालव्यात टाकतं. एका चक्कीनं पाणी चार-पाच फूटच उचललं जातं. म्हणून इतक्या चक्क्या रांगेनं उभ्या. वर साठवलेलं पाणी नदी उतरली की दार उघडून सोडून द्यायचं. आप्पांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. चाक पाहिल्याबरोबर त्यांनी आईला हाक मारली, "अगं, रहाटच आहे हा. वाऱ्यावरचा."

एका चक्कीत पूर्वीचं घर जसंच्या तसं ठेवलंय. गोल भिंतीला लागून कपाटात बसवलेली झोपायची जागा, चूल, भिंतीवर टांगलेली भांडी, आणि जिना असा उभा की शिडीच म्हणावी. आई खालीच थांबली. तिनं पाळण्यात डोकावून पाहिलं, चुलीच्या कडेवरून हात फिरवला आणि विचारलं, "एवढ्याश्या जागेत पोरं कशी आवरायची बाई ही?" किंडरडाइक या नावाची एक दंतकथा तिथे सांगतात. १४२१च्या महापुरानंतर एक पाळणा पाण्यावर तरंगत बांधाशी आला, त्यात मूल होतं, आणि पाळणा कलंडू नये म्हणून एक मांजर इकडून तिकडे उड्या मारत तोल सांभाळत होतं. आईला आधी वसुदेवाच्या टोपलीतला कृष्ण आठवला, मग पेटीतला कर्ण. भाच्याला मात्र त्या मांजराचं पुढे काय झालं एवढंच हवं होतं.

२०२३च्या एप्रिलात आम्ही आई-आप्पांना घेऊन माझ्या धाकट्या बहिणीकडे आइंडहोवनला गेलो होतो. महिनाभराचा मुक्काम. पहिल्याच आठवड्यात एक चूक झाली. एका टूर कंपनीची बस पकडून आम्ही एका दिवसात चार ठिकाणं केली. प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत. मार्गदर्शक छत्री उंच धरून पुढे, आई गुडघे धरून मागे, आणि मी मध्ये, कधी हिला हात दे, कधी तिकडे ओरडून थांबव. संध्याकाळी बहिणीनं विचारलं, "आई, काय काय पाहिलंस?" आईनं आठवून आठवून सांगितलं, "बस छान होती." त्या रात्री ठरलं की एका दिवसात एकच ठिकाण, आणि चाल सगळ्यात हळू चालणाऱ्याची. हा नियम मला पटला आहे. सहलीच्या दिवसाचं माप किलोमीटरवर काढूच नये. घरातलं सगळ्यात थकलेलं माणूस आणि सगळ्यात लहान पोर, या दोघांना दिवस कसा गेला ते विचारावं.

आईचा दिवस क्योकेनहोफच्या फुलबागेचा होता. बत्तीस हेक्टरची बाग, दरसाल सुमारे सत्तर लाख कंद हातानं लावतात, आणि ती उघडी असते फक्त वसंतातले आठ आठवडे. तिथे चाकाची खुर्ची मिळते. आईनं आधी हात झटकला, "मी काय आजारी आहे का?" मग अर्ध्या तासानं स्वतःच बसली. त्या खुर्चीतून तिनं जेवढी बाग पाहिली तेवढी आम्ही चालणाऱ्यांनी पाहिली नाही. दर वाफ्यापाशी थांबायचं, वाकायचं, पाकळी न तोडता आत बघायचं. ट्युलिपला वास नाही याचं तिला फार वाईट वाटलं. "एवढी फुलं, अन् देवाला वाहिली तर घरात कळायचं नाही," ती म्हणाली.

पण मला परत आप्पांकडे यायचं आहे.

विमान स्खिपोलला उतरलं तेव्हा जावयांनी त्यांना सांगितलं होतं की हा विमानतळ समुद्राच्या पातळीच्या तीन-चार मीटर खाली आहे. इथे हार्लेममेर नावाचं भलंमोठं सरोवर होतं आणि ते १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या पंपांनी उपसून कोरडं केलं. आप्पांना तेव्हा ही थट्टा वाटली. किंडरडाइक पाहिल्यावर पटलं. त्या देशाची चौथाई जमीन समुद्रपातळीच्या खाली आहे. १ फेब्रुवारी १९५३च्या पहाटे वादळानं समुद्र बांध फोडून आत आला आणि १,८३६ माणसं गेली. तिथल्या शाळेत पोरांना हे शिकवतात. भाचीनं पोहण्याची परीक्षा पास होऊन रीतसर प्रमाणपत्र मिळवलं आहे, तिच्या वर्गातल्या बहुतेक सगळ्यांकडे आहे. सायकल आणि पोहणं यांवाचून तिकडे बालपण पुरं होत नाही. मी तिला सांगितलं की मीही पोहतो, पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत शिकलो. "प्रमाणपत्र कुणी दिलं?" तिनं विचारलं. दोर धरून काठावर उभे होते ते तुझे आजोबा, मी म्हटलं.

किंडरडाइकहून परतताना आप्पांनी त्या पंपगृहाचं साल विचारलं. १९७२. त्यांनी ते दोनदा विचारून खात्री केली. १९७२च्या दुष्काळात आप्पा सतरा वर्षांचे होते. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे, तिथे सुकडी मिळायची, आणि घरी मिलोची लाल भाकर. गावातल्या विहिरीत पोरांना दोरानं खाली सोडून वाटीनं पाणी भरायचे. त्याच साली इथे पाणी बाहेर टाकायला एवढालं यंत्र उभं राहत होतं. वॉटरबसमध्ये त्यांनी हे सगळं नातवंडांना सांगितलं. भाचा सात वर्षांचा. तो शांतपणे ऐकत होता आणि शेवटी म्हणाला, "मग आमचं पाणी तुम्हाला द्यायचं ना."

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, ती पोरं कन्नडला आली. कन्नड म्हटलं की बाहेरच्यांना भाषा आठवते. आमचं हे गाव छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येला साठेक किलोमीटरवर, शिवना नदीकाठचं, आणि त्याच्या उत्तरेला सातमाळ्याच्या रांगा खानदेशात उतरतात. भाच्यांना हा परदेश. त्यांच्या पासपोर्टवर तसंच आहे. त्यांच्यासाठी आम्ही आता इकडचे यजमान होतो, आणि आमची परीक्षा होती.

वेरूळ दाखवायचंच होतं, तीस-पस्तीस किलोमीटरवर तर आहे. पण सगळ्यांना सवड मिळाली तो वार मंगळवार, आणि मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. (अजिंठ्याला सोमवारी सुट्टी. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी हे दोन वार आधी डोक्यात ठेवावेत. फाटकापर्यंत येऊन परत फिरणारी कुटुंबं आम्ही नेहमी पाहतो.) वेरूळला आम्ही नंतर गेलो. तिथल्या खिडकीवर जावयांचा डच पासपोर्ट पाहून आधी परदेशी दराचं, म्हणजे सहाशेचं तिकीट निघत होतं. ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं, कार्ड दाखवल्यावर चाळीसचं निघालं. सरकारच्या नियमाप्रमाणे स्मारकांच्या आणि अभयारण्यांच्या प्रवेशशुल्कात ओसीआय कार्डधारकाला भारतीयाचाच दर लागतो, पण कार्ड बॅगेत तळाला ठेवलं तर उपयोग नाही. पोरं पंधराच्या आतली, त्यांना तिकीट नाही. कैलास लेणं पाहून भाचीनं जी मान वर केली ती बाहेर येईपर्यंत खाली केली नाही. वेरूळवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी थांबतो.

त्या मंगळवारी आम्ही पितळखोऱ्याला गेलो.

कन्नडहून चाळीसगाव रस्त्यानं निघायचं आणि घाट लागण्याआधी आत वळायचं. सोबत धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, आणि पोरांसाठी गूळ-तूप. वर पठारावर गाडी थांबते, तिथून दरीत पायऱ्या उतरतात. आईनं पायऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि झाडाखाली सतरंजी टाकायला सांगितली. आमच्या नियमाप्रमाणे कुणीतरी तिच्याजवळ थांबायला हवं होतं, बहीण थांबली. दोघींनी पुढचे दोन तास काय गप्पा मारल्या ते त्यांनी आम्हाला सांगितलेलं नाही, पण दोघींचे डोळे रडून हलके झालेले दिसत होते.

खाली ओढ्यावरचा लोखंडी पूल ओलांडला की लेणी. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात सुरू झालेली, म्हणजे वेरूळच्या कैलासाहून हजारएक वर्षं आधीची. समोरच्या ओट्यावर दगडी हत्तींची रांग आहे. हत्ती अंगानं असे खरे की भाच्यानं एकाच्या सोंडेशी स्वतःची उंची मापली. चैत्यगृहातले अठकोनी खांब आतल्या बाजूला किंचित झुकलेले, लाकडी घराच्या खांबांसारखे. त्यांतल्या काहींवर दात्यांची नावं ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आहेत. एक दान पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या घराण्याचं, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याचं. शेजारच्या विहारात मगिल नावाच्या राजवैद्याची दानं. पैठणहून सातमाळा ओलांडून खानदेशात उतरणाऱ्या वाटेवर हे ठिकाण आहे. माल लादलेले बैल, व्यापारी, भिक्षू याच अंगानं खाली गेले असणार. विहाराच्या दाराशी दोन द्वारपाल उभे आहेत, अंगरखा घातलेले, ढाल धरलेले, दोन हजार वर्षं पहाऱ्यावर.

इथून सापडलेला एक यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर दोन्ही हातांनी पात्र धरलेला आणि तोंडभर हसणारा. त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला कोरलंय की कान्हदास नावाच्या सोनारानं तो घडवला. सोनारानं दगड घडवला म्हणून त्या यक्षाच्या गळ्यातले दागिने एवढे बारीक. आप्पांना हे फार आवडलं. कारागिरानं नाव घातलं, ते म्हणाले, बरं केलं.

मला त्यांना दाखवायचा होता तो नाग. १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी इथला ढिगारा उपसला तेव्हा विहाराच्या जोत्यातून पाच फण्यांचा नाग बाहेर आला. डोंगराच्या भेगांतून लेण्यात पाणी झिरपायचं. घडवणाऱ्यांनी ते पाणी खडकातून कोरलेल्या पन्हळीत घेतलं, बाहेर आणलं, आणि नागाच्या फण्यांना पाडलेल्या छिद्रांतून सोडलं. पावसाळ्यात त्या पाच फण्यांमधून पाण्याचे तुषार उडत असणार. आम्ही गेलो तेव्हा डिसेंबर होता, दगड कोरडा होता, ओढ्यात डबकी राहिली होती.

भाची गुडघ्यावर बसली. तिनं एका छिद्राच्या कडेवरून बोट फिरवलं, मग मागे जाऊन पन्हळ कुठून येते ते शोधलं. खडकात बोटभर रुंद हिरवट रेघ होती, अजून ओलसर. ती म्हणाली, "मामा, हेही पाणी बाहेरच काढत होते."

मी तिला लेण्याचं छत दाखवलं. कितीतरी ठिकाणी ते कोसळलंय, खांब मधूनच तुटलेत, पुढची भिंत गेलीच आहे. इथला खडक भेगाळ आहे, आणि पाण्यानंच त्याला पोखरलं. नाग कोरणाऱ्यांना शत्रू कोण ते ठाऊक होतं. त्यांनी त्याला वाट करून दिली, वर देवपण दिलं, आणि काही शतकं तरी धकवलं. पुरातत्त्व खात्यानं आधार दिले आहेत, डागडुजी केली आहे, पण दर पावसाळ्यानंतर मी इथे येतो तेव्हा जीव मुठीत धरून येतो. जिल्ह्यातल्या माणसांनी वेरूळ-अजिंठ्याच्या अभिमानात या लेण्याला विसरावं, हे मला सहन होत नाही. इथे एका दिवसासाठी पोरांना आणणं, त्यांना त्या छिद्रात बोट घालू देणं, एवढं तरी आपल्याला जमलं पाहिजे.

वर येताना आप्पा पायऱ्यांवर तीनदा बसले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा भाचा त्यांच्याजवळ टेकला आणि जंगलात वाघ आहे का विचारलं. हे सगळं गौताळा औट्रमघाट अभयारण्य, १९८६पासूनचं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. बिबटे आहेत, अस्वलं आहेत. आणि २०२१मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून तीनशेहून अधिक किलोमीटर चालत आलेला एक वाघ इथल्या कॅमेऱ्यात दिसला. कित्येक दशकांनी. "एकटाच आला?" भाच्यानं विचारलं. एकटाच. "त्याची आई कुठे होती?" आप्पा म्हणाले, "ती तिकडंच. पोरगं लांब गेलं." वर सतरंजीवर बहीण बसलेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून पाटणादेवीला. तो दिवस आईचा, कारण तिथे देवळापर्यंत फार चढायचं नाही. कन्नड घाटाचं कागदावरचं नाव औट्रम घाट, जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यावरून. त्यानं १८२५मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. सपाट देशातल्या पोरांना घाट म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. त्यांच्या अख्ख्या मुख्य भूमीवरचा सर्वांत उंच डोंगर ३२२ मीटरचा. एका वळणावर भाचीनं माझा दंड धरला तो चाळीसगावचं सपाट रान दिसेपर्यंत सोडला नाही. ३१ ऑगस्ट २०२१ला याच घाटात पावसानं दरडी आल्या, रस्ता गेला, आणि खाली चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी घरांत शिरलं. आप्पांनी घाटमाथ्यावर गाडी थांबवायला लावली. "इकडं पडलं ते शिवनेत, गोदावरीत, पार बंगालच्या उपसागरात. तिकडं पडलं ते तापीत, सुरतेच्या समुद्रात." भाच्यानं बाटलीतलं पाणी आधी इकडे ओतलं, मग रस्ता ओलांडून, माझा हात धरून, तिकडे.

पाटणच्या देवळात एक शिलालेख आहे. १८६५मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. शके ११२८चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७चा. गणिती भास्कराचार्य, १११४मध्ये जन्मलेले, 'लीलावती'चे कर्ते. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे एक मठ काढला गेला, तो काढला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं. चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. बाजारातल्या मालावर, तेलाच्या घाण्यावर मठासाठी किती द्यायचं ते त्यात सांगितलंय. घाण्यामागे पळीभर तेल. आठशे वर्षांपूर्वीचं आपलं बोलणं. भाचीला मी ते सांगितलं तेव्हा तिनं मराठीचा भाग सोडून दुसरंच धरलं. "नातवानं आजोबांची शाळा काढली?" तिनं विचारलं, आणि आप्पांकडे वळून बराच वेळ बघत राहिली. आप्पांचं लक्ष नव्हतं. ते देवळाच्या दगडावर कान लावल्यासारखे टेकून ऊन खात होते.

आईनं देवीची ओटी भरली. खण, नारळ, आणि तिकडून आणलेल्या चॉकलेटच्या दोन वड्या. नातवानं हट्ट धरला म्हणून. मग आम्ही ओढ्याकाठी जेवायला बसलो. इथे डिसेंबरातही थोडं पाणी वाहत होतं. भाच्यानं पळसाचं एक पान पाण्यात सोडलं आणि विचारलं, "हे कुठं जातं?"

मी सांगायला लागलो, डोंगरी, मग तितूर, मग गिरणा, तापी, समुद्र.

"एवढ्या लांब कशाला जाईल," आप्पा म्हणाले. "आधी खालच्या गावातल्या विहिरीत मुरंल. तिथल्यांचा हरभरा पाण्यावर आलाय." पान दोन दगडांमध्ये अडकलं होतं. भाचा काटकी घेऊन पाण्यात उतरला, आणि आईनं त्याच्या हातात धपाटा देऊन त्याची विजार गुडघ्यापर्यंत दुमडली.